घरची चूल, घरचे सांडपाणी आणि परसातील हिरवाई
(नंदुरबार जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



पर्यावरण हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. परंतु हा विषय निघाला की आपले लक्ष धरणे, कारखाने आणि मोठ्या शहरांतील धुराकडे जाते. आज मी तेवढ्या लांब जाणार नाही. स्वयंपाकघर, न्हाणी आणि गोठ्यामागचा उकिरडा एवढ्याच हद्दीत राहून चार गोष्टी सांगणार आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला जिल्हा अस्तित्वात आला. तालुके सहाच, पण परिस्थिती सर्वत्र सारखी नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा सातपुड्याच्या रांगांत, शहादा, तळोदा व नंदुरबारचा बराच भाग तापीच्या खोऱ्यात, तर नवापूरकडे पाऊस जास्त. त्यामुळे शहाद्याच्या बागायतदाराला लागू पडणारा सल्ला धडगावच्या पाड्यावर लागू पडेलच असे नाही. ऐकताना आपापल्या घराशी ताडून पाहावे.

प्रथम चुलीचा विचार करू. आपल्या नेहमीच्या उघड्या चुलीत लाकडातील सुमारे दहा टक्केच उष्णता भांड्याला मिळते, बाकीची वाया जाते. म्हणजे डोंगरातून डोक्यावर आणलेल्या दहा मोळ्यांपैकी एका मोळीवर स्वयंपाक होतो आणि नऊ मोळ्या हवेत जातात. ही मोळी आणते कोण, हे मी सांगायला नको. जंगल पाड्यापासून जसजसे मागे सरकते तसतशी मायबहिणींची पायपीट वाढते. धुराचे तर विचारूच नका. चुलीपुढे रोज तासन्‌तास बसणाऱ्या बाईला दम्यासारखा जुनाट खोकला जडतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, आणि ती गरोदर असेल तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. आपल्या जिल्ह्यात बालकांच्या कुपोषणाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. त्या चर्चेत चुलीच्या धुराचे नावही निघाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला व २००२ मध्ये थांबला. त्या काळात बसविलेल्या अनेक चुली पुढे मोडल्या. कारण साधे होते. धुराड्याच्या नळीत काजळी साठे, ती कोणी साफ करीत नसे, मग धूर उलटा घरात येई आणि बाई वैतागून चूल फोडून टाकी. यात बाईचा दोष नाही. चूल बसवून देणाऱ्याने नळी साफ करण्याची युक्ती सांगितली नाही, हा दोष. आज ज्यांच्या घरी धुराड्याची चूल आहे त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा लांब काठीला चिंधी गुंडाळून नळी झाडावी. छपरावरील नळीचे तोंड कौलांच्या पातळीपेक्षा वर असावे.

नवी चूल घेता आली नाही तरी इंधन वाचवता येते. सरपण ओले जाळू नये. ओल्या लाकडाची बरीच आग त्यातील पाणी उडवण्यात खर्ची पडते आणि धूरही तेच जास्त करते. लाकूड मनगटाएवढे जाड फोडून, दोन महिने उन्हात सुकवून, पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचावे. भांड्यावर झाकण ठेवावे. तूर, हरभरा, चवळी रात्री भिजत घालावी. भाताला उकळी येऊन पाणी आटत आले की पातेले उतरवून जुन्या गोधडीत घट्ट गुंडाळावे, किंवा वाळल्या गवताने भरलेल्या टोपलीत बसवावे. राहिलेला भात आतल्या उष्णतेवर शिजतो. पहिल्या दिवशी घरात हसतील, हसू द्यावे.

एक सवय मात्र आजच सोडावी. चूल पेटवण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी किंवा खताच्या गोणीचा तुकडा टाकतात. त्याचा धूर विषारी असतो, आणि तो त्याच बंद खोलीत फिरतो जेथे तान्हे मूल झोळीत झोपलेले असते. वाळली पाने, झाडाच्या सालीचे तुकडे, कपाशीच्या बारीक काड्या यांवर चूल चांगली पेटते.

कपाशीच्या काड्यांचा विषय निघाला म्हणून थोडे थांबतो. आपल्याकडे वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घराशेजारी गंज्या रचतात व वर्षभर जाळतात. जंगलतोड वाचते, इंधन फुकट मिळते, हे उत्तमच. परंतु या पऱ्हाट्यांना लटकलेल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत मुक्काम करते. पुढे पतंग बाहेर पडतात आणि नव्या कपाशीवर अंडी घालतात. २०१७ च्या हंगामात राज्यातील कापूस उत्पादकांनी या अळीचा तडाखा सोसला आहे. मग पऱ्हाट्या जाळायच्या की नाही? जरूर जाळाव्यात, पण रीत बदलून. फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे. शेळ्या-मेंढ्या व गुरे शेतात चारून घ्यावीत. उपटलेल्या पऱ्हाट्यांची उरलेली बोंडे झोडपून वेगळी करावीत व ती सर्वांत आधी चुलीत घालावीत. गंजी शेताच्या बांधावर कधीही रचू नये. आणि पऱ्हाट्यांचा साठा पावसाळ्यापूर्वी संपेल असा वापर ठेवावा. लाकडी सरपण पावसाळ्यासाठी राखून ठेवले की हे सहज जमते.

आता शेणाकडे येऊ. ज्यांच्या दावणीला चार-पाच मोठी जनावरे आहेत व घराजवळ पाणी आहे, त्यांनी गोवऱ्या थापणे म्हणजे सोने चुलीत घालणे होय. रोज पन्नास किलो ताज्या शेणापासून सुमारे दोन घनमीटर गोबरगॅस मिळतो. इंधनाच्या दृष्टीने तो जवळजवळ ९०० ग्रॅम स्वयंपाकाच्या गॅसच्या बरोबरीचा आहे. म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर सोळा दिवसांत घरच्या घरी तयार झाले, आणि शेण गेले कोठेच नाही. ते मळीच्या रूपाने खत होऊन हातात परत येते. गोवरीचे तसे नाही. गोवरी जळली की त्यातील नत्र गेले, उरते फक्त राख.

तरीसुद्धा प्रत्येकाने गोबरगॅस बांधावा असे मी म्हणणार नाही. शेणाइतकेच पाणी रोज कालवावे लागते. ज्या पाड्यावर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी झऱ्यावरून आणावे लागते तेथे हा सल्ला देणे म्हणजे थट्टा होईल. शिवाय गुरे दिवसभर जंगलात चरत असतील तर निम्मे शेण तिकडेच पडते. तोरणमाळसारख्या उंच व थंड भागात हिवाळ्यात गॅस कमी निघतो, हेही ध्यानात ठेवावे. अशा ठिकाणी सुधारित चूल आणि गॅसचे सिलिंडर यांची जोडी बरी. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत सिलिंडर आले. ते पुन्हा भरून आणणे दरवेळी परवडत नाही, हे मला माहीत आहे. निदान सकाळचा चहा, बाळंतिणीचे पाणी आणि पावसाळ्यातील स्वयंपाक गॅसवर करावा, कारण दारे-खिडक्या बंद असताना धूर सर्वांत जास्त कोंडतो.

शेण थोडे आणि काडीकचरा भरपूर असेल तर नाडेप टाके बांधावे. ही पद्धत विदर्भातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसविली. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके असते. पालापाचोळा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर द्यावेत, वरून शेणमातीने लिंपावे व ओल टिकवावी. एका टाक्याला नव्वद ते शंभर किलो शेण पुरते आणि तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. शहादा भागातील उसाचे पाचट पेटवून देणाऱ्यांनी तर याचा विचार करावाच, अथवा पाचट सरीतच कुजू द्यावे. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, तेथेही आग न लावता पाला झाडून गोळा करावा आणि फुलांसाठी खाली जुनी साडी अंथरावी. एका झाडाखालची आग कधीकधी अख्खी टेकडी घेऊन जाते.

सांडपाण्याचे गणित सोपे आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरात हे २७५ लिटर होते व त्यातील बहुतेक पाणी न्हाणीतून आणि मोरीतून बाहेर पडते. दारापुढे डबके करून डास वाढवायचे की चार झाडे जगवायची, हे आपल्या हातात आहे. न्हाणीचे पाणी विटांचे तुकडे व जाड वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून काढून आळ्यात सोडावे. केळी, पपई, शेवगा व अळू यांना हे पाणी मानवते. कपडे धुतलेले साबणाचे पाणी मात्र पालेभाजीवर सोडू नये, ते केळीला द्यावे. भांडी राखेने घासली तर पाणी आणखी निर्धोक. शेवग्याची दोन झाडे घरामागे असली तरी मुलांच्या ताटात पाने आणि शेंगा येतात. कुंपणाला वाल व दोडक्याचे वेल चढवावेत. बियाणे दरवर्षी विकत आणू नये. वालाची चांगली भरलेली शेंग वेलावरच वाळू द्यावी आणि बी राखेत घोळून मडक्यात ठेवावे.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. साठ वॅटचा जुना पिवळा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट लागतात. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही.

शेवटी एक धोक्याची गोष्ट. कीटकनाशकाचे रिकामे डबे व बाटल्या धुऊन त्यांत तेल, रॉकेल किंवा पिण्याचे पाणी भरलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. कितीही धुतले तरी विषाचा अंश आत राहतो. फवारणी करतानाच डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणी पंपात ओतावे, डब्याला भोक पाडावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी तो वेगळा ठेवावा. पाण्यासाठी मातीचा माठ आणि भाजीपाल्यासाठी कापडी पिशवी वापरावी. लग्नकार्यात थर्माकोलच्या ताटांऐवजी पळसाच्या पत्रावळी आणाव्यात. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. आपल्या पाड्यांवरच्या बाया पत्रावळी त्याआधीपासून लावीत आल्या आहेत, तेव्हा मागणी लग्नाच्या पंधरा दिवस आधी सांगितली तर त्यांना चार पैसे मिळतील.