रकाना कोण ठरवतं?

हातातलं काम चालू द्या, कान फक्त इकडे ठेवा.

आज आम्ही बोलणार आहोत रकान्याबद्दल. वहीतला रकाना, आणि आता मोबाइलमधलाही.

पेठ तालुक्यातल्या आमच्या एका गटाने शेळ्यांसाठी कर्ज मागितलं होतं. प्रस्ताव अडकला. कारण काय, तर मोबाइलवरच्या नोंदीत गटाची हजेरी कमी दिसत होती. आता दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याच्या बाया दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. त्या बचत चुकवत नाहीत, शेजारणीच्या हाती पाठवतात. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'बाहेरगावी कामाला, बचत जमा' असं लिहिलेलं होतं. मोबाइलमध्ये मात्र दोनच पर्याय होते: हजर आणि गैरहजर. आपलं खरं लिहायला तिथे जागाच नव्हती.

ही जागा ठेवायची की नाही, हे ठरवताना बागेवर जाणाऱ्या एका तरी बाईला कुणी विचारलं होतं का? राजकारण फक्त निवडणुकीतच असतं असं नाही, बायांनो. कागदावर काय लिहायचं आणि काय सोडायचं, हे जो ठरवतो त्याच्या हातात सत्ता असते.

हे काही मोबाइलपासून सुरू झालेलं नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर वर्षानुवर्षं पुरुषाच्याच नावावर लागायचं. नवरा-बायको दोघांचं नाव लावावं, असा शासन निर्णय २००३ मध्ये निघाला. मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव लावणं तर २०२४ मध्ये बंधनकारक झालं. आई आधीपासून होतीच, तिच्यासाठी रकाना उशिरा आला.

आपल्या अंगणवाडीच्या ताई आठवा. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप आलं. माहिती इंग्रजीत भरायची आणि फोन कमी क्षमतेचे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. चालणारा फोन द्या, आमच्या भाषेत अ‍ॅप द्या, ही त्यांची मागणी होती. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. एकेकटीने कुरकुर केली असती, तर कुणी ऐकलं असतं?

मोबाइल वाईट, असं आम्ही म्हणत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात नाबार्डने २०१५ मध्ये 'ई-शक्ती' सुरू केलं, ते गटांचे हिशेब बँकेला बसल्या जागी दिसावेत म्हणूनच. त्याचा उपयोग आहे. पण हिशेब बँकेला दिसतो आणि ज्या बाईचे पैसे आहेत तिलाच दिसत नाही, असं होता कामा नये.

आणि खरं सांगायचं तर आपल्या गटातही हेच घडतं. फोन एकीच्या हातात असतो. कधी तिचा मुलगा माहिती भरतो, बाकीच्या माना डोलावतात. ही सत्ताच झाली ना? भले ती आपल्या मैत्रिणीची असो.

म्हणून तीन गोष्टी करा. मोबाइलमध्ये भरलेली प्रत्येक नोंद बैठक उठायच्या आत मोठ्याने वाचून घ्या. हातची वही बंद करू नका, तिच्यावर सह्या-अंगठे घ्या. आणि जो रकाना कमी आहे, त्याचा ठराव करा. तो ग्रामसंघात मांडा, प्रभागसंघामार्फत वर पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका.

पेठच्या त्या बाया वही घेऊन दहाजणी बँकेत गेल्या. साहेबांनी पानन् पान पाहिलं. कर्ज मंजूर झालं, पण दोन महिने उशिरा. शेळ्या दारात आल्या. मोबाइलमध्ये 'बाहेरगावी कामाला' हा पर्याय अजून आलेला नाही. आमचा ठराव गेला आहे. तुमच्या गटाचाही जाऊ द्या. एका गटाचा कागद बाजूला ठेवता येतो, शंभर गटांचा ठेवता येत नाही.

येत्या बैठकीत आपली नोंद वाचून घ्याल ना?