'असली तरी'



"अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल," असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बर्फ आणि पगार असावा. मी जरा वेगळं बोलणार आहे.

न्यू जर्सीत मी १७ वर्षं सॉफ्टवेअरचं काम करते. तिथे मला कुणी शिवी दिली नाही की अंगावर धावून आलं नाही. जे होतं ते फार बारीक असतं. एकदा बैठकीला दुसऱ्या कंपनीचे एक गृहस्थ आले होते. सिस्टीमची रचना माझी, प्रश्नही मीच विचारत होते. उत्तरं मात्र ते माझ्या शेजारच्या गोऱ्या मुलाला देत होते. त्याला नोकरीला लागून चार महिने झाले होते. बिचारा दर वेळी माझ्याकडे बोट दाखवायचा. निघताना गृहस्थ मला म्हणाले, "तुमचं इंग्रजी छान आहे." बैठक तासाभराची, पण रात्री भांडी घासतानाही माझं तेच चालू. हे रंगामुळे, बाई म्हणून, की माझी खुर्ची कोपऱ्यात होती म्हणून?

कृष्णवर्णीयांच्या वाट्याला रोज येणाऱ्या अशा बारीकसारीक अवहेलनेला हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० मध्ये 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हे नाव दिलं. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. आमच्या धंद्यात जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, त्याची कुणी दखल घेत नाही. इथेही तसंच. बोललात, तर उत्तर ठरलेलं: "तुला तसं वाटलं असेल."

म्हणूनच २०१८ सालचा एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. जॉय बुओलाम्विनी ही एमआयटीतली कृष्णवर्णीय संशोधक. चेहरा टिपणाऱ्या प्रोग्रॅमला तिचा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा घातला, तेव्हा दिसला! मग तिने आणि तिमनित गेब्रूने फोटोवरून स्त्री की पुरुष ते सांगणारे तीन कंपन्यांचे प्रोग्रॅम १,२७० चेहऱ्यांवर तपासले. उजळ पुरुषांच्या बाबतीत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. यापुढे 'वाटलं असेल' कोण म्हणणार?

आता इकडचं. गेल्या आठवड्यात नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. माझी मुलगी १३ वर्षांची, मराठी तिला नीट कळतं. एक मामी तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो!" गाडीत बसल्यावर मुलीने विचारलं, "आई, 'असली तरी' का?"

'फेअर अँड लव्हली'चं २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं. ट्यूबवरचं नाव गेलं, वाक्य राहिलं.

दुसऱ्या दिवशी मामींना फोन केला. "अगं, मी तर कौतुक केलं!" म्हणाल्या. खरंच होतं ते. माझ्या इंग्रजीचं कौतुक करणारे गृहस्थही हेच म्हणाले असते. मग बराच वेळ मामी गप्प. शेवटी म्हणाल्या, "मला बघायला आले होते ना, तेव्हा माझ्या सासूबाई अश्शाच म्हणाल्या होत्या. मी ते चांगलंच धरून चालले गं इतकी वर्षं." आमचं बोलणं त्यानंतर पाऊण तास चाललं.

लेक आज मागच्या रांगेत बसली आहे. जेवताना तिच्याशी मराठीतच बोला. फक्त, "अमेरिकेत वाढली असली तरी मराठी छान बोलते," असं म्हणू नका. ती लगेच पकडेल.