आधी लस की आधी पाणी?

(येलदरी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इथं बसलेल्या पुष्कळांच्या डाव्या दंडावर एक बारीक खळगा असेल. बीसीजीचा व्रण. लहानपणी लस टोचली, तरी मोठेपणी टीबी का होतो, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. आपलं येलदरीचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. त्याच वर्षी तमिळनाडूच्या चेंगलपट्टू भागात बीसीजीची प्रचंड चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक माणसं तीत होती. ब्रिटनमधल्या किशोरांना बीसीजीनं जवळपास ८० टक्के संरक्षण दिलं होतं, त्यामुळे आशा मोठी होती. चेंगलपट्टूचा पहिला निकाल लागला तेव्हा सगळे हादरले. फुफ्फुसाच्या टीबीपासून मोठ्यांना संरक्षण जवळपास शून्य! पंधरा वर्षं पाठपुरावा केला, तरी चित्र तेच. लशीचे डॅनिश आणि फ्रेंच असे दोन्ही वाण नावाजलेले होते. मग घोडं पेंड खातंय कुठं?

संशय गेला पाण्यावर आणि मातीवर. टीबीच्या जंतूचे कितीतरी भाऊबंद तिथं राहतात. बहुतेक निरुपद्रवी. त्यांचं कवच मेणचट असल्यानं क्लोरीनलाही ते सहज दाद देत नाहीत; नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात मुक्काम ठोकतात. उष्ण मुलखात पाणी पिताना, चिखलात राबताना शरीराची त्यांच्याशी ओळख होते. चेंगलपट्टूत ती बहुतेकांना लहानपणीच झालेली होती.

या ओळखीचे परिणाम दोन प्रकारे सांगतात. एक मत असं, की या भाऊबंदांनीच थोडं संरक्षण देऊन ठेवलेलं असतं, लशीला भर घालायला जागा उरत नाही. दुसरं असं, की बीसीजी ही जिवंत लस. तिचे जंतू शरीरात थोडे वाढले तरच ती लागू पडते. सावध झालेलं शरीर त्यांना वाढूच देत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. मला दुसरं मत जास्त पटतं. पहिलंच पूर्ण खरं असतं, तर चेंगलपट्टूत लस न घेतलेल्यांनाही टीबी कमी व्हायला हवा होता. तिथं तर तो भरपूर होता. अर्थात कुपोषण, मधुमेह, कोंदट घरं ही कारणं आपापल्या जागी आहेतच.

म्हणून २०२४ मध्ये आपल्याकडे प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम निघाली, तेव्हा माझ्या मनात चेंगलपट्टूच होतं. साठीपुढचे, मधुमेही, टीबी रुग्णाच्या घरातले लोक, यांना लस द्यावी. पण पुढची काही वर्षं त्यांची नोंद काटेकोर ठेवावी. लशीच्या भरवशावर दोन आठवड्यांचा खोकला अंगावर काढू नये.

नवजात बाळाची गोष्ट निराळी. त्याची पाण्या-मातीशी गाठ अजून पडायची असते. मेंदूच्या आवरणाच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बीसीजी बाळाला चांगलं वाचवते. डोस अवघा ०.०५ मिलीलीटर, कातडीच्या आतच, छोटी गाठ उठेल असा. अडचण बाटलीची आहे. एका बाटलीत अनेक डोस असतात आणि औषध कालवल्यावर ते चार तासांत संपवावं लागतं. उरलेलं वाया जाईल म्हणून चार बाळं जमेपर्यंत थांबलं, की बाळंतीण घरी जाते आणि लस लांबते. एका बाळासाठीसुद्धा बाटली फोडायला हवी. प्रसूती झाली, की सुट्टी घेण्याआधी सिस्टरांना विचारा: बीसीजी दिली का?