पाटीवर काय लिहावे?

(तुळिंज येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या परिसराचा इतिहास सांगणाऱ्या पाट्या चौकाचौकांत लावण्याचे तुळिंजच्या तरुणांनी योजिले आहे. संकल्प स्तुत्य आहे. येथील असंख्य कुटुंबे गेल्या दोन-तीन पिढ्यांत पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावली. त्यांच्या मुलांना या भूमीची कुळकथा सांगायला गावातले आजोबा शेजारी नाहीत; पाटी जे सांगेल तेच त्यांच्यापुरते खरे ठरणार. मजकुराचा जो खर्डा माझ्या हाती दिला गेला, त्यात तीन विधाने ओळीने आहेत. भगवान परशुरामांनी समुद्र हटवला तो येथेच. गौतम बुद्ध येथे आले होते. आणि सॉलोमन राजाची जहाजे सोने नेण्यासाठी याच बंदरात येत. आज मला बोलायचे आहे ते या तीन वाक्यांविषयी.

पहिली कथा आपल्या श्रद्धेची आहे. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्राने जामदग्न्यासाठी शूर्पारक देश निर्माण केल्याचे सांगितले आहे. दुसरी ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथातील. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने निमंत्रण दिले आणि बुद्ध आकाशमार्गाने आले, अशी ती कथा आहे. तिसरी बायबलातील ओफीर म्हणजेच सोपारा, हा एकोणिसाव्या शतकातील काही पाश्चात्त्य पंडितांचा तर्क. कथा, आख्यायिका आणि तर्क यांना आपापले स्थान आहे. परंतु ‘महाभारतात असा उल्लेख आहे’ हे एक वाक्य झाले आणि ‘येथे असे घडले’ हे दुसरे. पहिले कोणालाही पडताळून पाहता येते. दुसऱ्याला आव्हान मिळाले की आपल्याजवळ उत्तर नसते, आणि मग हसे होते ते श्रद्धेचे. आपल्याला प्रिय असलेल्या कथेलाही हा नियम लावावा लागेल.

रेल्वेच्या पश्चिमेला, सोपारा गावाजवळ एक उंचवटा होता. लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणारा कोणी राजा येथे राज्य करीत होता, अशी समजूत. त्या काळी कोणी उत्साहाने तेथे पाटी लावली असती, तर बुरुड राजाची वंशावळही तयार झाली असती! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उंचवटा खणला. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुले, भोवती धातूच्या आठ लहान मूर्ती. त्याच वर्षी त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. कल्पनेतला राजा गेला. पण त्याच्या जागी जे आले ते कितीतरी मोठे होते.

हा आठवा लेख म्हणजे तरी काय? पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रा काढीत, आपण मात्र धर्मयात्रा करतो, असे अशोक त्यात सांगतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या रहिवाशांसाठी लावलेली ती सार्वजनिक पाटीच होती.

दुसरा पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात शोर्पारग म्हणजे आपला सोपारा येतो. तेथे त्याने धर्मशाळा बांधली. तेथील रामतीर्थाचाही उल्लेख आहे. पारदा, दमणा, तापी, डहाणुका या नद्यांवर त्याने फुकट तरी चालू केल्या. डहाणूच्या खाडीवर नाव गाठणाऱ्या प्रवाशाकडून पैसे घेऊ नयेत, याची चिंता करणारा दाता दगडावर कोरलेला असताना आपण सॉलोमनचे सोने कशाला शोधावे?

ही ओढ केवळ तुळिंजची नव्हे. तानाजी मालुसरे १६७० मध्ये पडले आणि म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. पण शिवछत्रपतींच्या १६६३ च्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव आहे. यामुळे तानाजींचे बलिदान तसूभरही उणे होत नाही. उणे होते ते कथा तपासून न पाहणाऱ्याचे.

लंडनमध्ये बेकर स्ट्रीटवर शेरलॉक होम्सच्या नावाची निळी पाटी आहे, तो तेथे १८८१ ते १९०४ राहत होता असे सांगणारी. त्या पाटीने कोणाची फसवणूक होत नाही, कारण होम्स कादंबरीतला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या चौकातल्या पाटीला ती सोय नाही.

म्हणून माझी सूचना अशी. परशुरामांची कथा अवश्य लिहा. वर ‘महाभारतानुसार’ हा शब्द हवा. पूर्णाची लिहा, ‘बौद्ध ग्रंथानुसार’ म्हणून. ओफीर गाळा. त्याखाली अशोकाचा लेख, स्तूप आणि उषवदाताचे दान ठळक अक्षरांत द्या. मराठीबरोबर हिंदीतही लिहा, कारण या गल्ल्यांत ती वाचणारी मुले पुष्कळ आहेत. खाली पाटी लावणाऱ्या मंडळाचे नाव आणि दिनांक घाला, म्हणजे चूक आढळल्यास कोणाकडे जायचे ते कळेल. आणि मजकूर पक्का करण्यापूर्वी एका रविवारी सर्वांनी लोकल पकडून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. सोपाऱ्याचा तो शिलालेख तेथे आहे.