एक नाव, दोन नद्या



हिमालयात धौलीगंगा दोन आहेत. गढवालातली नीती खोऱ्यातून येऊन विष्णुप्रयागास अलकनंदेला मिळते; कुमाऊंतली दारमा खोऱ्यातून उतरून तवाघाटापाशी काळी नदीला मिळते. धौली म्हणजे धवल. हिमनद्यांचे पांढुरके पाणी दोन्हीकडे वाहते. तेव्हा नाव एकच पडले, यात नवल ते काय? खोऱ्यातल्या माणसाची त्यामुळे अडचण होत नाही. फसगत होते ती दूरच्याची. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रलय आला तो गढवालच्या धौलीला. धौलीगंगा या नावाचे वीजकेंद्र मात्र कुमाऊंत! तिथे ज्याचा मुलगा कामावर, त्या बापाचा जीव नुसत्या नावाने उडून जावा. म्हणून नदीचे नाव सांगताना तिचा संगमही सांगत जावा.