मन रवंथ करतं तेव्हा



नैराश्याचा आजार बरा होतो. पण एकदा होऊन गेलेल्यांपैकी निम्म्या जणांना तरी तो पुन्हा गाठतो. असं का होतं, ते आज माझ्याच अनुभवावरून सांगते.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं होतं. औषधोपचार झाले, बरी झाले, गटाचं काम पुन्हा हाती घेतलं. दीड वर्षानं एका बैठकीत हिशेबात ६० रुपये कमी भरले. मन लगेच म्हणालं, "तुला हिशेबही जमत नाही." घरी पोचेपर्यंत, "तुला काहीच जमत नाही." रात्री, "सगळ्या जणी तुला हसत असतील." चार दिवस डोळ्याला डोळा नाही. पुढची बैठकही मी टाळली.

त्यामागचं कारण मला नंतर कळलं. आजारपणात उदासपणा आणि असे विचार यांची जोडी जमते. पुढे मन जरा खट्टू झालं, की त्या मळलेल्या वाटेनं तेच विचार परत येतात. मग आपण त्यांचं रवंथ करत बसतो. गाईनं रवंथ केलं की चारा पचतो. आपलं दुःख मात्र चघळून पचत नाही, वाढतं.

गटातल्या एक काकू घरी आल्या. म्हणाल्या, "वही काढ." बघितलं तर नव्या रजिस्टरचे ६० रुपये खर्चात लिहायचे राहिले होते! चूक माझीच होती. पण चूक झाली म्हणजे मी कुचकामी ठरले, असं थोडंच आहे?

तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने आखते. एकात 'घडलं काय', दुसऱ्यात 'मन म्हणालं काय'. शेजारी शेजारी लिहिलं की फरक दिसतो. मन म्हणेल ते सगळंच खरं नसतं, बायांनो.

विचार थांबत नसतील तर उठून एखादं छोटं काम करा, कुणाशी तरी बोला. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. दोन आठवडे झोप, भूक, उमेद गेलेली असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेली मानसचा १४४१६ हा फोन नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाला असं कुणी म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि एखादी बैठकीला आली नाही, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या.