वाटांची कागदपत्रे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकते. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला, आणि वाटेने चालण्याचा अधिकार तर सर्वांनाच आहे, म्हणून उभी राहिले.

पुण्यात पुराभिलेखागार नावाचे सरकारी दप्तर आहे. पेशव्यांच्या वेळचे कागद तेथे रुमालात, म्हणजे कापडात, बांधून ठेवलेले आहेत. बहुतेक लिखाण मोडी. त्यांत लढाया नि तह आहेत, तसे जकातीचे हिशेबही आहेत. कोणता माल कोठल्या नाक्यावरून गेला नि त्यावर काय भरले, हे कारकुनांनी टिपून ठेवले. मला तर लढाईपेक्षा हेच मोलाचे वाटते. घरात मीठ किती दिवस पुरते, हे आपल्यालाच ठाऊक!

बोरघाटात गाडीरस्ता १८३० साली झाला. पुढे आगगाडी आली. १८५८ पासून खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण घाटातला मार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडले. मधली पाच वर्षे उतारूंनी पालखीतून, तट्टावरून घाट ओलांडला. या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. परका मुलूख, नवरा गेलेला. पण त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका आपल्याकडे घेतला, जाणती माणसे नेमली आणि २५ बोगद्यांचे ते काम तडीस नेले. तिचे नाव कागदावर राहिले. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या आपल्याकडच्या बायका तेथे होत्याच, त्यांची नावे कोण लिहिणार? असो.

एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवीत नाही.

आता आपल्या बावधनाकडे येते. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवा ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला. त्याचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. पण सासूबाई ज्या पाऊलवाटेने शिवारात भाकरी घेऊन जात, ती चैत्रात एका भिंतीआड गेली, तिचा फोटो कोणी काढला नाही. आता म्हाताऱ्या माणसांनी भरधाव मोटारींच्या कडेने जायचे. विचारायला गेलो, तर उत्तर मिळाले, "येथे वाट होतीच कोठे?"

होती. भूमी अभिलेख खात्याच्या गावनकाशात पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवतात, गाडीवाट दोन तुटक रेषांनी. आम्ही तिघीजणींनी नकाशाची नक्कल काढली. माझ्या धाकट्याने भिंग धरले, आणि ती रेघ दिसली. शेताची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपला अर्ज श्रावणातच गेला आहे.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. नकाशात रेघ आहे. पण त्या वाटेने वहिवाट होती हे सांगणारी माणसेही हवीत. नक्कल हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवली आहे. ज्या त्या वाटेने गेल्या असतील, त्यांनी चहा झाल्यावर माझ्याकडे यावे. कोणत्या सालापासून, काय घेऊन, कोणाबरोबर जात होता, तेवढे सांगा. मी वहीत लिहून घेते.